‘जाऊ का?’ असं विचारणाऱ्या मुलीला आपण काय सांगतो?

आजऱ्याच्या आठवडी बाजाराचा दिवस हा आमच्या सल्ला केंद्राचाही गर्दीचा दिवस. आसपासच्या गावांतल्या बायका बाजार उरकतात, परतीच्या एसटीला अवकाश असतो, तेवढ्यात पिशव्या सांभाळत केंद्रात येऊन बसतात. घरी कुणी विचारलंच तर ‘बाजारला गेलो होतो’ हे उत्तर तयार असतं. नवऱ्याची मारहाण, पोटगी, सातबाऱ्यावर नाव लावणं, सासरी अडकलेले दागिने परत मिळवणं, हे आमचे नेहमीचे विषय. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दिवशी एक बाई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी भिंतीकडे बघत बसलेली. मला वाटलं, लग्नाचा काहीतरी प्रश्न असणार.

“ताई, हिला जरा चार शब्द सांगा,” आई म्हणाल्या. “म्हनती, मी मालिकेत काम करनार. कोल्हापूरला कायतरी निवड हाय म्हनं. बापाला कळलं तर तंगडं मोडंल तिचं.”

मुलगी म्हणाली, “ताई, मी एकदा जाऊन बघतो, एवढंच म्हणतोय. जाऊ का?” (आमच्या भागात मुली ‘करतो, जातो’ असंच बोलतात.)

मला लगेच काही बोलता आलं नाही. हाच प्रश्न पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीनं मला याच खोलीत विचारला होता, आणि तेव्हा मी दिलेलं उत्तर चुकलं होतं.

ती मुलगी तेव्हा बारावी होऊन बसलेली. शाळेचं स्नेहसंमेलन असो की गणपतीचा मांडव, तिचा नाच ठरलेला. मी तिला म्हटलं, “आधी पदवी पूर्ण कर, स्वतःच्या पायावर उभी राहा, मग हौस म्हणून काय करायचं ते कर.” समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना समुपदेशन मी रीतसर शिकले होते. समोरचीचं ऐकून घ्यावं, आपला निर्णय तिच्यावर लादू नये, हे तोंडपाठ होतं. तरी ‘हौस’ हा शब्द मी वापरलाच. तिनं मान हलवली आणि निघून गेली. दोन महिन्यांनी कळलं, एका ‘कोऑर्डिनेटर’च्या ओळखीनं ती कोल्हापूरला गेली आहे. आईची बोरमाळ गहाण ठेवून तिनं फोटोंच्या अल्बमसाठी पस्तीस हजार रुपये भरले होते. सहा महिन्यांत दोनदा गर्दीत उभं राहायचं काम मिळालं, एकदा एक वाक्य बोलायला मिळालं. पैसे नव्वद दिवसांनी मिळतील असं सांगितलं गेलं. नव्वद दिवस उलटल्यावर त्या माणसाचा फोन लागेनासा झाला. ती परत आली आणि तीन महिन्यांत तिचं लग्न उरकण्यात आलं.

हळदीच्या दिवशी मी तिला भेटायला गेले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, काम मागायला जाताना पैसे द्यायचे नसतात, एवढं तरी तुम्ही सांगायला पाहिजे होतं.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मला अजून टोचतं. मी तिला ते सांगितलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं. पोटगीचा अर्ज कुठे करायचा ते मला माहीत होतं. या धंद्यात पैसे कसे मिळतात आणि कसे बुडतात, करार कसला असतो, तक्रार कुठे करायची, यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आपलं अज्ञान झाकायला मी तिला शहाणपण शिकवलं. चळवळीतल्या आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या हातून असं होत असावं असं वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

प्रश्न जुनाच आहे

‘जाऊ मी सिनेमात?’ या नावाचं एक पुस्तक मराठीत १९४० साली निघालं होतं. लेखिका होत्या शांता आपटे. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न मनानं कधीच न स्वीकारणारी ‘कुंकू’मधली (१९३७) नीरा त्यांनी उभी केली होती आणि त्या काळच्या मोठ्या नट्यांत त्यांची गणना होत होती. ज्या प्रभात कंपनीत त्यांना नाव मिळालं, तिच्याच पुण्यातल्या फाटकाशी १९३९ साली कराराच्या वादातून त्या उपोषणाला बसल्या. नटी म्हणजे झगमगाट अशी समजूत असण्याच्या काळात एक नटी गिरणी कामगारासारखी मालकाच्या दारात बसली, ही गोष्ट आपल्या शिबिरांमधून फारशी सांगितली जात नाही. दुसऱ्याच वर्षी आलेलं हे पुस्तक सिनेमात येऊ पाहणाऱ्यांसाठी होतं. पडद्यामागे माणसं कशी राबवली जातात, शरीर कसं झिजतं, पैसा कुणाच्या हातात राहतो, हे त्यात त्यांनी मांडलं. नट-नट्याही श्रम विकणारी माणसंच आहेत, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून कळलं होतं. आपल्याला ते ऐंशी वर्षांनंतरही नीट कळलेलं नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला तर हा प्रश्न सर्वांत जवळचा असायला हवा. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळाली नाही आणि तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, लेकीला घेऊन नाटकांत काम करून पोट भरणाऱ्या. पुढे कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी कमलादेवी आणि सुशीलादेवी अशा बदललेल्या नावांनी कामं केली. त्यानंतर आलेल्या रतन साळगावकर घराण्याच्या नावाला धक्का नको म्हणून हंसा वाडकर झाल्या. त्यांच्या कमाईवर घर चाललं, मात्र त्यांच्या आयुष्याचे निर्णय इतरांनीच घेतले, हे त्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथेत वाचायला मिळतं.

केंद्रात आलेल्या मुलीनं मला आपल्या मोबाईलवरची छोटी छोटी नाच-अभिनयाची दृश्यं दाखवली. बघणारे हजारोंनी होते. खाली नाव मात्र तिचं नव्हतं. “चुलत्यांना कळू नये म्हणून,” ती म्हणाली. शंभर वर्षांत साधनं पार बदलली, आणि काम करायला निघालेल्या मुलीला आपलं नाव मात्र अजून लपवावं लागतं.

याच इतिहासात दुसरी बाजूही आहे आणि ती मुलींपासून लपवून ठेवू नये. प्रभातनं कोल्हापुरात असतानाच १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यात तारामती झालेल्या दुर्गा खोटे चांगल्या, सुशिक्षित घरातल्या होत्या. घरची आर्थिक घडी विस्कटली म्हणून त्या या व्यवसायात आल्या, विशीतच विधवा झाल्या, दोन मुलांना वाढवलं, आणि एकाच कंपनीला बांधून न घेता अनेक ठिकाणी काम करत पुढची पन्नास वर्षं टिकल्या. जयश्री गडकर समूहनृत्यात मागे नाचणाऱ्या मुलींपैकी एक होत्या. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’नं त्यांना घराघरांत पोचवलं. २०१६ साली ‘सैराट’ आला आणि अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका सुरू झाली आणि तिचं चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात होऊ लागलं. आपली रांगडी बोली आता पडद्यावर चालते, नायिका पुण्या-मुंबईचीच असावी लागत नाही, हे आमच्या मुलींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तेव्हा ‘ह्या पोरींच्या डोक्यात टीव्हीनं खूळ भरलंय’ असं म्हणून चालणार नाही. ही वाट खरोखरच आहे. ती फार थोड्यांना कुठे तरी पोचवते, हेही तितकंच खरं आहे.

आपली भीती कुठून आली?

आमच्या मासिक बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा वयानं मोठ्या असलेल्या एका कार्यकर्तीनं विचारलं, “आपण मुलींना नाचायला पाठवणार? मग एवढी वर्षं काय केलं?” तिचा राग समजण्यासारखा होता. शेजारच्या गडहिंग्लजला १९७५ साली देवदासींची परिषद भरली. या पट्ट्यात सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याविरुद्ध ज्या बायका उभ्या राहिल्या, त्यांनी ‘नाच’ या शब्दामागचं शोषण बघितलं होतं. तमाशातल्या बायकांचे हालही आपल्याला माहीत आहेत. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभं राहण्याची वेळही त्यांच्यावर आली, आणि शेवटच्या आजारात औषधपाण्यासाठी पैसे नव्हते. २००२ साली त्या गेल्या. त्यानंतर शासनानं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. हयातीत उपाशी ठेवायचं आणि मागाहून नावानं पुरस्कार द्यायचा, ही आपल्याकडची रीतच आहे.

जातीचा प्रश्नही टाळता येणार नाही. कोल्हाटी, मांग, महार समाजातल्या बायकांनी ज्या कलेवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं, ती करताना त्यांना ‘नाचणारीण’ म्हटलं गेलं. तीच लावणी वरच्या जातीतली मुलगी सभागृहात सादर करते, तेव्हा ती ‘कलाकार’ असते. दलित स्त्रीवादी मैत्रिणींनी हे वारंवार सुनावलं आहे आणि ते योग्यच आहे. ज्यांच्यावर नाच जन्मानं लादला गेला, त्यांनी तो सोडायला बघणं आणि जिला आजवर घराबाहेर पडू दिलं नाही तिनं नाचायला बघणं, या दोन्ही गोष्टी स्वातंत्र्याच्याच आहेत. दोघींना एकच उत्तर देऊ लागलो की आपली गल्लत होते.

याची किंमत आपण एकदा बघितली आहे. २००५ साली राज्य सरकारनं डान्स बारवर बंदी घातली तेव्हा स्त्री संघटनांमध्ये दोन तट पडले. हे काम शोषणाचं आहे की नाही, यावर आपण हिरिरीनं भांडलो. उच्च न्यायालयानं २००६ साली बंदी रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली तो निकाल कायम ठेवला. मधल्या सात-आठ वर्षांत त्या बायकांची रोजची कमाई गेली, त्यांच्या मुलांच्या शाळेची फी कुणी भरली, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींनी विचारलं. काम चांगलं की वाईट हे आपण ठरवत बसतो, आणि काम करणारी बाई तोवर एकटीच राहते.

मुलाची जिद्द, मुलीचं खूळ

बैठकीत दुसरा आक्षेप आला तो असा: “यात काही खात्री नाही. शंभरातल्या एकीचं जमतं.” अगदी बरोबर. पण आजऱ्यात पहाटे पाच वाजता रस्त्यावर येऊन बघा. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पळणारी पोरं दिसतील. त्यातल्या किती जणांची निवड होते? स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात चार-चार, पाच-पाच वर्षं खोली घेऊन राहिलेली मुलं प्रत्येक गावात आहेत. बाप म्हैस विकतो, पीककर्जातले पैसे धाडतो. जागा थोड्या आणि अर्ज लाखांनी, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी त्याला आपण ‘जिद्द’ म्हणतो. नाही झाली निवड, तर मुलगा परत येतो, रिक्षा घेतो, दुकान टाकतो, शेतात राबतो. त्याला कुणी तीन महिन्यांत कुणाच्या तरी घरी पोचवून येत नाही.

अनिश्चितता दोघांच्याही वाटेला आहे. मुलगा हरला तर त्याचे पैसे आणि वर्षं जातात. मुलगी हरली तर ‘ती तिकडं जाऊन आलेली’ हा शिक्का बसतो आणि तिचं पुढचं सगळंच आयुष्य दुसरे ठरवतात. त्यामुळे ती घरी न सांगता जाते. न सांगता गेलेल्या मुलीला फसवणं सोपं असतं, कारण ती तक्रार करू शकत नाही, हे फसवणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं. आपण नुसतं ‘नको’ म्हणतो तेव्हा तिला त्या माणसाच्या हाती आणखी मोकळेपणानं सोपवतो. पाच वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं.

आजोबांबरोबर गाव गेलं होतं

त्या दिवशी बोलता बोलता मुलीच्या आईनं सांगितलं की त्यांचे सासरे मुंबईला गिरणीत होते, कितीतरी वर्षं बदली कामगार. आमच्या आजरा, गडहिंग्लज, चंदगड पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष लालबाग-परळला गेले. बदली कामगार म्हणजे काय, हे जुन्या बायकांना विचारा. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कुणाचा खाडा असेल तर आत बोलावणं, नाहीतर खोलीवर परत. मालिकेतल्या छोट्या कामासाठी फोनची वाट बघत बसलेल्या मुलीची अवस्था याहून फार वेगळी नसते.

फरक आहे तो दुसरीकडे. आजोबा गेले तेव्हा त्यांच्याबरोबर सगळं गाव गेलं होतं. गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली होती. तिथे वळकटी टाकायला जागा होती. खानावळ चालवणारी बाई होती, पगार नसला तर चार दिवस उधारीवर जेवू घालणारी. गिरणीत चिकटवणारा ओळखीचा माणूस होता, आणि काही झालं तर युनियन होती. १९८२च्या संपानंतर हे सगळं मोडलं, हजारो माणसं गावी परतली, आणि त्या परतलेल्यांनाही गावानं ठेवून घेतलं. अनिश्चितता तेव्हाही होतीच. ती एकट्यानं सोसावी लागू नये, अशी व्यवस्था पुरुषांनी पुरुषांसाठी उभी केली होती.

आमच्या मुलीसाठी मुंबईत अशी खोली नाही. कोल्हापूर इथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. चित्रीकरण लांबलं आणि शेवटची गाडी चुकली तर तिनं रात्र कुठे काढायची, याचं उत्तर तिच्या घराकडे नाही आणि माझ्या संस्थेकडेही परवापर्यंत नव्हतं. ‘सिनेमावाले लोक वाईट’ असं म्हणणं सोपं आहे. शेवटच्या गाडीनंतर तिला दार उघडणारं एक घर शोधणं हे कष्टाचं काम आहे. संघटनेनं ते कष्ट घ्यावेत असं माझं मत आहे.

कायदा आहे, तो आपण वाचायला हवा

गेल्या पाच वर्षांत मी थोडं शिकले. कोल्हापुरात चित्रीकरणाच्या जागी जाऊन बसले, गर्दीत काम करणाऱ्या बायकांशी आणि केशभूषा करणाऱ्या मुलींशी बोलले. कलाकारांना नव्वद दिवसांनी पैसे द्यायची पद्धत मालिकांच्या धंद्यात सर्रास चालते. म्हणजे तीन महिने खोलीभाडं आणि जेवण घरून आणायचं. ज्यांच्या घरात हे परवडतं त्याच मुली टिकतात, आणि मग ‘गुणवत्ता’ म्हणून त्यांचं कौतुक होतं. तमाशातल्या कलावंताला हंगामाआधी उचल देऊन बांधून घेतात. इथे उलट कामगारच मालकाला तीन महिन्यांची उधारी देतो. दोन्ही पद्धतींत पैशाची दोरी एकाच्याच हातात राहते.

लेखी कराराशिवाय सिनेमात कुणाला कामाला ठेवू नये, असा केंद्राचा कायदा १९८१ सालापासून होता. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत ती तरतूद घेतली गेली आणि दृक्‌श्राव्य माध्यमातले कामगार तिच्या कक्षेत आले. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रत्येक कामाच्या जागेला लागू आहे, आणि दहा किंवा अधिक माणसं असलेल्या जागी अंतर्गत समिती नेमावीच लागते. जिथे अंतर्गत समिती नाही तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम करून घेता येत नाही, आणि त्यांच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्यांच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. लहान मुलींना नाचाच्या स्पर्धांना नेणाऱ्या आई-बापांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

कायदा आपोआप हलत नाही, हे केरळनं दाखवलं. तिथल्या सिनेमातल्या बायकांनी २०१७ साली आपली संघटना बांधली आणि तिच्या मागणीवरून सरकारनं न्यायमूर्ती हेमा समिती नेमली. समितीनं २०१९च्या अखेरीस अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. लेखी करार नाहीत, मोबदल्यात भेदभाव, कामासाठी लैंगिक मागण्या, हे त्यात आहेच. त्याबरोबर चित्रीकरणाच्या जागी बायकांना संडास आणि कपडे बदलायला खोली नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, असंही आहे. हे वाचताना मला आमच्याकडच्या रोजगार हमीवरच्या आणि उसाच्या फडातल्या बायका आठवल्या. पाणी न पिता काम रेटणारी बाई फडात असो की दिव्यांच्या झोतात, तिचा प्रश्न आपल्या चळवळीचाच आहे. या मोठ्या शहरांतल्या नट्यांशी आपला काय संबंध, असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आम्ही काय ठरवलं

आमच्या केंद्रात आम्ही एक साधं पत्रक तयार केलं आहे. काम देणाऱ्याला आपण पैसे द्यायचे नाहीत. निर्मात्याचं नाव विचारायचं. मधल्या माणसाच्या नावावर भागवायचं नाही. कराराची प्रत मागायची, न वाचता सही करायची नाही, वाचायला वेळ मागायची लाज बाळगायची नाही. किती तास काम केलं ते रोज वहीत लिहायचं. पैसे केव्हा मिळणार ते लिहून घ्यायचं. पहिल्या भेटीला एकटीनं जायचं नाही, आणि भेट हॉटेलच्या खोलीत ठेवली असेल तर जायचंच नाही. समिती आहे का, संडास कुठे आहे, हे दोन्ही पहिल्याच दिवशी विचारायचं. शिक्षण सोडायचं नाही; बाहेरून परीक्षा देता येते. किती दिवस प्रयत्न करायचा ते आपलं आपण ठरवायचं.

कोल्हापुरात एका निवृत्त परिचारिका ताईंनी रात्री-अपरात्री मुलींना आपल्या घरी उतरू द्यायचं कबूल केलं आहे. मुंबईत आमची अजून सोय नाही. वाचणाऱ्या मुंबई-पुण्याच्या संघटनांना माझी विनंती आहे, तुमच्याकडे अशी जागा, अशी ओळख असेल तर आम्हाला कळवा. नसेल, तर बैठकीत हा विषय एकदा काढा.

हे करून सगळं सुरळीत होईल असा माझा दावा नाही. बहुतेक मुलींना काम मिळणार नाही. मिळालं तरी टिकेलच असं नाही. चाळिशीनंतर काय, हा प्रश्न नावाजलेल्या नट्यांनाही सुटलेला नाही. हे सगळं मी त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईला स्पष्ट सांगितलं. मग म्हटलं, “तरीही तुला जायचं असेल तर जा. पण काम मागायला निघालेली बाई म्हणून जा, आणि आम्हाला सांगून जा.”

आईंनी बराच वेळ पिशवीचा बंद चाळवला. मग विचारलं, “आनि न्हाई जमलं तर ओ, ताई?”

“तर ती घरी परत येईल, वहिनी. तेव्हा दार उघडं ठेवायचं आणि लगेच स्थळं बघायला लागायचं नाही. एवढं तुमच्याकडून हवंय.”

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र दोघी मिळून कोल्हापूरच्या गाडीत बसल्या. घरी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. निवड झाली नाही. मुलगी सांगत होती, आई दिवसभर रांगेत तिच्याजवळ उभी होती आणि येताना गाडीत म्हणाली, “ती निळ्या साडीतली पोरगी तुझ्यापरास काय बरी बोलत नव्हती.” आता ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करते आहे आणि पुन्हा जाणार आहे.

पत्रकाबद्दल एक सांगायचं राहिलं. मसुदा करत होतो तेव्हा मी त्या पहिल्या मुलीला निरोप धाडला होता. ती आता जवळच्याच एका गावात नांदते, पदरात एक मूल आहे. बाजाराच्या दिवशी मुलाला काखेत घेऊन ती केंद्रात आली. सासरी यातलं काही माहीत नाही, म्हणून नाव घालू नका म्हणाली. पत्रकाची पहिली ओळ तिनंच सांगितली. मी लिहून घेतली. मग तिनं ती मला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावली, आणि बरोबर आहे म्हणाली.